काठावरच्या बाईचं पाऊल

गोंदियाला उतरून मराठीत रस्ता विचारला, तर उत्तर हिंदीत मिळालं. ते अर्धवट समजून मी भलत्याच गाडीत बसलो, कुडव्याला उतरलो आणि परत फिरलो. फुटबॉलच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतले डावपेच उलगडून सांगणारा मी. त्या सकाळी मला साधा एसटीचा थांबा सापडत नव्हता.

गोंदिया जिल्ह्यातल्याच गोरेगावला वच्छलाबाई घ्यायला आल्या होत्या. त्यांची मुलगी प्रणाली देशाच्या युवा संघात बचावफळीत मधोमध खेळते. परदेशातल्या एका सामन्यात चौघी बचावपटूंनी एकदम पुढे सरकून समोरच्या खेळाडूला ऑफसाइडमध्ये पकडायचं होतं. तिघी पुढे आल्या, प्रणाली मागे गेली आणि गोल झाला. 'ती घाबरली,' असं मी लेखात लिहिलं. तो शब्द तिला चिकटला. आता पुढच्या शिबिराचं बोलावणं आलं होतं आणि ती जायला तयार नव्हती. म्हणून बाईंनी मला फोन करून बोलावलं होतं.

"जय भीम, भाऊ. आधी बांदीत चाला, मंग बोलू."

बांदी म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. तिथे रोवणा (भाताची लावणी) चालू होता. फुटबॉलसाठी आलेल्या माणसाने चिखलात कशाला उतरायचं, हे मला कळेना; तरी बूट काढून उतरलो. बायका ओळीने वाकून रोपं लावत मागे मागे सरकत होत्या. मीही ओळीत रोपं लावू लागलो, पण माझ्याच हाताकडे पाहत राहिलो. मान वर केली, तर ओळ मागे गेलेली आणि मी एकटा लावलेल्या रोपांवर उभा!

"काऊन उभे हा तिथं? धान तुडवून राहिले!" एक बाई ओरडली.

"पण मागं कधी सरायचं, ते सांगतं कोण?"

"सांगाले कायले पायजे? काठावरचीचा पाय मागं गेला, का समद्यायचा गेला."

दुपारी घरी भात आणि लाखोरीची डाळ जेवलो. प्रणाली माझ्याकडे न बघता दाराशी बसली होती. बाईंनी मोबाइलवर तो गोल लावला. मी तो कितीदा तरी पाहिला होता, पण दर वेळी प्रणालीकडेच बघत. बाईंनी पडद्याच्या कडेला बोट ठेवलं. डाव्या काठावरच्या मुलीने आधी एक पाऊल मागे टाकलं होतं. मग ती सावरून पुढे गेली; तोवर प्रणाली मागे सरकली होती.

"लहानपणापासून रोवण्याले येते माह्यासंगं," बाई म्हणाल्या.

माझा गोंधळ आणखी वाढला. मग चूक कोणाची? मला फार ओशाळल्यासारखं झालं. "चूक तुझी नव्हती, असं लिहितो," मी म्हणालो.

प्रणालीने पहिल्यांदाच वर पाहिलं. "तसं नोका लिहू सर. चुकली मी. पुढंच जायचं होतं. पण भेली नाई."

परतीच्या गाडीत मी 'ती घाबरली' हे वाक्य ऑनलाइन लेखातून काढलं, खाली स्वतःची चूक कबूल केली आणि लेख तिला पाठवला. नागपूर यायच्या आत तिचा निरोप आला, 'वाचलं. शनिवारी शिबिराला निघते.' मला खरंच हायसं वाटलं. त्याखाली आणखी एक ओळ होती, 'आई विचारून राहिली, अजून कोणाकोणाले भेली म्हून लिहिलं?'

मी जुने लेख उघडले. पहिल्याच लेखात 'घाबरली' हा शब्द दोनदा होता.