गोड होईपर्यंत

आता कसं सांगू, फजिती माझी आणि सांगणाराही मीच! पण एक आधीच बजावतो. माझा प्रोग्रॅम बरोबर होता. आजही बरोबर आहे. हसायचं तर खुशाल हसा!

साखर रेशनवर मिळायची तेव्हाची गोष्ट. मी चोपड्याला हायस्कुलात गणित शिकवायचो. सुट्टीतल्या शिबिरात मुंबईला कॉम्प्युटर पाहून आलो. काचेबाहेरून हं! तेवढ्या भांडवलावर अकरावीच्या पोरांना प्रोग्रॅम लिहायला शिकवू लागलो.

मुख्याध्यापक नाना वैतागले. "मशीन नाही नि काही नाही! उद्या दिपोटीसाहेब शाळा तपासायला येताहेत. त्यांना पटलं तर ठीक, नाहीतर हा वर्ग बंद!"

बंद? माझा वर्ग? दाखवतोच म्हटलं!

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ठळक नियम लिहिला : आधी स्वतः तपासा, मग चालवा. त्याखाली लिंबू सरबताचा प्रोग्रॅम. एक चमचा साखर टाका, ढवळा, चाखा. गोड नसेल तर पुन्हा एक चमचा. गोड झालं की सगळ्यांना वाटा.

कॉम्प्युटर म्हणून इंदूला उभं केलं. वर्गातली सगळ्यात हुशार पोर. तिला दम दिला, "कॉम्प्युटर उलट बोलत नाही. हो किंवा नाही, बस्स!"

साहेब नानांबरोबर येऊन बसले. इंदूनं पातेल्यातल्या लिंबूपाण्यात पहिला चमचा टाकला, ढवळलं, चाखलं. तोंड वाकडं!

"गोड झालं?"

"नाही."

"पुन्हा टाक!"

चौथ्या चमच्याला तिच्या डोळ्यांत पाणी. "सर, हाई ते खारं शे!"

"हो की नाही?"

"नही!"

"मग टाक!"

नवव्या चमच्याला नाना उठले. "अहो, डब्यात काय आहे ते तरी बघा!"

बघितलं. सकाळी घाईत घरून मीच उचललेला डबा. मिठाचा! नाही तपासला, जा!

साहेबांनी फळ्यावरच्या नियमाकडे बोट केलं. "मास्तर, स्वतः तपासा की."

माघार घेतली असती तर वर्ग गेला असता. पेला भरला, एका दमात रिकामा केला. घशाची आग आग झाली. तरी छाती काढून म्हणालो, "गोड आहे!"

झालं! कॉम्प्युटरला 'हो' मिळालं. इंदूनं शांतपणे चमचा ठेवला आणि पुढच्या पायरीप्रमाणे पहिला पेला साहेबांच्या हातात दिला. मी ओरडेपर्यंत साहेबांचा घोट घेऊन झाला होता.

दोन मिनिटं नुसता खोकला. मग रुमालानं डोळे पुसत साहेब म्हणाले, "नाना, वर्ग चालू ठेवा. पोरगी उत्तम शिकली आहे."

"आणि माझा प्रोग्रॅम?" मी गुरगुरलो.

"तोही बरोबर. फक्त उद्यापासून या मास्तरांनाही त्याच वर्गात बसवा. इंदू शिकवेल."