मल्लम्माच्या कोकमाची ओटी

अहमदपुरात आमच्या गल्लीत मल्लम्माचं भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला पातेलं विकता विकता त्याच्या सासुरवाडीची खबर काढून घेणारी बाई. मला तिचा हा गुण फार आवडतो, गल्लीच्या गोष्टी सांगत बसणं हेच माझं काम, त्यातलं निम्मं तीच करते.

नऊ वर्षांमागं ती कोकणात एका लग्नाला गेली आणि पिकलेली कोकमं घेऊन आली. बी सुकलं की उगवत नाही, म्हणून आल्या दिवशीच कुंडीत पेरलं. रोपवाटिकेवाला भागवत म्हणाला, आपल्या उन्हात हे जगायचं न्हाई. झालं, बाई इरेला पेटली. अंगणातली काळी माती उपसून खड्ड्यात मुरूम, लाल माती, शेणखत भरलं. दोन उन्हाळे वर जुनी लुगडी ताणून सावली केली. बुडाशी पाचट, पाणी रोज, पण तुंबू द्यायचं नाही. एकच रोप जगलं, पण असं डवरलं की बारा महिने हिरवंगार.

सात वर्षांमागं तिच्या रुद्रेशचं लग्न झालं. सून मंजुश्री गुणाची, पण पाळणा हलेना. लातूर, नांदेड, हैदराबाद, सगळीकडं मंजुश्रीच्या तपासण्या झाल्या. यंदा हिवाळ्यात कोकमाला फुलं आली, तेव्हा मल्लम्मा चारचौघींत सुनेला म्हणाली, "झाडाला कळलं, तुला कधी कळणार?"

आणि झाडाचं डोहाळजेवण घातलं. खोटं सांगत नाही, खोडाला हिरवी साडी, फांदीला हिरवा चुडा, पाच सवाष्णी ओटी भरायला. भागवतला मुद्दाम बोलावलं, त्याचं नाक कापायला. आम्ही म्हातारे शेंगापोळीच्या आशेनं बाजेवर.

भागवतनं दोन-चार फुलं तोडून उलटीसुलटी पाहिली.

"काकू, हे नर हाय. याला फळ न्हाई लागायचं."

ओटीचे तांदूळ घेतलेला सवाष्णीचा हात तिथंच थांबला. साडी नेसलेला तो नर आमच्याकडं बघत उभा.

"नऊ वर्षं पाणी घातलंय मी," मल्लम्मा म्हणाली.

"पाण्याचा दोष न्हाई. बियाची निम्मी झाडं नर निघतात, फुलल्याबिगर कळत न्हाई. मादीची कलमकाडी आणून बांधतो."

तेवढ्यात पोळ्या वाढणाऱ्या मंजुश्रीनं ताट खाली ठेवलं. सात वर्षांत तिचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला.

"आत्याबाई, माझ्या तर सगळ्या तपासण्या झाल्या. यांची एकदा तरी केली का?"

रुद्रेश पाणी वाढत होता. बाजेवर माझ्या शेजारी बसलेल्या सिद्रामप्पांचा पेला भरून धोतर भिजलं, तरी तांब्या वाकडाच. आणि सिद्रामप्पा, एरवी एवढ्याशा थेंबाला शिव्या देणारा माणूस, गप्प भिजत बसला.

मला वाटलं, आता मल्लम्मा सुनेला सोलून काढते. ती उठली. झाडाची साडी सोडली, घडी घातली, खांद्यावर टाकली. कलमाचं मागून बघू, असं भागवतला सांगून लेकाकडं वळली.

"सोमवारी दुकान बंद ठेव. लातूरला जायचंय."

"कशाला?"

"तुला दाखवायला."

मंजुश्रीनं हळूच विचारलं, मीही येऊ का.

"तू घरीच थांब," मल्लम्मा म्हणाली. "लई चकरा मारल्यास."