टँकला हात लावायचा नाही

पहिलंच सांगतो, असले अनुभव लिहिणाऱ्यांचा मला वैताग येतो. मी मरोळला एका वर्कशॉपमध्ये क्वालिटी तपासतो, दिवसभर हातात व्हर्नियर. जे मोजता येत नाही ते माझ्या लेखी नाही. तरी आज लिहायला बसलोय, कारण गेले तीन महिने डोक्याचा पार भुगा झालाय.

घाटकोपर पूर्वेला, चौथ्या मजल्यावर आमचा वन-बीएचके. हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा तीन फुटी टँक, आठ वर्षं जुना. समुद्री मासे पाळणं म्हणजे रोजची कटकट, आणि त्यातली मुख्य गोम अशी – टँकमधलं पाणी उडतं, मीठ उडत नाही. म्हणून कमी झालेलं पाणी भरायचं ते साधं, आरओचं, गोडं. खारं ओतलंत तर मीठ चढत जातं आणि माशांची वाट लागते.

दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला महिनाभर बाहेरगावी पाठवलं. टँकची जबाबदारी बाबांनी घेतली. मूळचे देवगडकडचे, गिरणी सुटल्यापासून मिळेल ते काम केलेले, आणि स्वतःला सगळं कळतं या मताचे. त्यांना सांगून गेलो, पांढऱ्या ड्रममधलं पाणी रोज काचेवरच्या लाल टेपपर्यंत भरा. का, ते सांगितलं नाही... ही चूक माझी. त्यांनी महिनाभर निळ्या कॅनमधलं भरलं. त्यात मी मीठ कालवून ठेवलेलं पाणी होतं. आलो तेव्हा खारटपणा मोजायच्या मीटरवर पस्तीसच्या जागी बेचाळीस, आणि सहा वर्षांचा पिवळा टँग मासा तळाशी मेलेला.

"खाऱ्या पाण्यात खारांच पाणी घालूक व्हया ना रे?" बाबा म्हणाले.

मी जे तोंड सोडलं ते अख्ख्या मजल्याने ऐकलं. मीठ उडत नाही, गोडं पाणी घालायचं, हे मी सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ओरडून शिकवलं. शेवटी म्हणालो, "यापुढे टँकला हात लावायचा नाही."

"बरां. लावूचंय नाय," एवढंच ते बोलले.

नंतर खरंच लावला नाही. रोज सकाळी साडेसातला चहाचा कप घेऊन टँकच्या डाव्या कोपऱ्याशी स्टुलावर बसायचे, दुसरा हात मांडीवर. मासे सगळे त्या कोपऱ्यात गोळा व्हायचे. खायला घालणारा मी, आणि गर्दी यांच्याकडे... मला त्याचाही राग यायचा. सात-आठ महिन्यांनी बाबा गेले. त्या दिवसाबद्दल त्यांच्याशी मी कधी धड बोललो नाही, ते राहूनच गेलं.

या मे महिन्यात वर्षश्राद्धासाठी गावी गेलो, आठवड्याभरासाठी. पाणी आपोआप भरणारा छोटा पंप लावलेला, खायला ऑटो फीडर, वर कॅमेरा. सगळं चोख. गावी पोहोचल्यावर बायको, वैशाली, चार्जर शोधायला लागली आणि माझ्या लक्षात आलं. निघायच्या घाईत पंपाची पिन काढून तिथे मीच फोन चार्जिंगला लावला होता. चार्जर तिथेच, पंप बंद. फ्लॅटच्या दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. वडिलांचं श्राद्ध टाकून परत कसा जाणार?

गावात रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर. तिथे चढून मी कॅमेरा बघायचो. दोन दिवसांत पाणी टेपच्या बोटभर खाली गेलं. पाणी असंच उतरत राहिलं तर मीठ चढणार, परतेपर्यंत पुन्हा चाळीस. मी स्वतःलाच शिव्या घालत होतो.

तिसऱ्या दिवशी श्राद्ध उरकून दुपारी टेकाडावर गेलो. पाणी टेपला टेकलेलं.

सकाळचं रेकॉर्डिंग मागे नेलं. सात बत्तीसला सगळे मासे डाव्या कोपऱ्यात गेले आणि काचेकडे तोंड करून थांबले. फीडर उजवीकडे आहे, आणि तो नऊला चालतो. स्टूल रिकामं. पाणी हळूहळू वर येत होतं, टेपपाशी येऊन थांबलं. मग मासे पांगले. पुढचे चारही दिवस हेच, त्याच वेळेला.

घरी आलो. कुलूप जसंच्या तसं. चार्जर बोर्डात, पंपाची पिन खाली लोंबतेय. वैशाली म्हणाली पंपच मध्ये कधीतरी चालला असेल. विजेशिवाय? शेजाऱ्याने, कंपनीतल्या मित्राने आणखी कारणं दिली, म्हणजे कुठे गळती, कुठे कॅमेऱ्याची गडबड. मी प्रत्येक कारण तपासलं. एकही मापात बसत नाही, आणि याची मला भयंकर चीड येते.

गावाहून आलो त्या दिवशी चपला न काढताच मी मीटर लावला होता. पस्तीस. दोनदा मोजलं, पस्तीसच. निळा कॅन गळ्यापर्यंत भरलेला होता. निघताना काठोकाठ भरलेला पांढरा ड्रम अर्धा झाला होता.

आयुष्यात या माणसाने माझं कधी ऐकलं नाही. हात लावायचा नाही म्हटलं होतं, तेही शेवटी मोडलंच. फक्त कुठलं पाणी घालायचं, तेवढं लक्षात ठेवलं.