तोंडाला वास नव्हता

ती घटना आठवली की आजही मला त्या माणसाने शेवटी विचारलेला प्रश्न ऐकू येतो. मी तेव्हा मोताळ्याकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळीच पोलीस पाटलाचा फोन आला. गावात एकटाच राहणारा एक माणूस, बायकोला मारून विहिरीत टाकली म्हणून दारोदार सांगत फिरतोय.

हवालदाराने त्याला आणला. असा कोणी आला की आधी तोंडाचा वास घ्यायचा, ही आमची जुनी सवय. वास अजिबात नव्हता.

"साहेब, हा पेलेला नाही. शुद्धीत कबूल करून राह्यला," हवालदार म्हणाला. त्याच्या लेखी खून उघडकीस आला होता, फक्त अटक बाकी होती.

मी चौकशीला बसलो. माणूस घामाने निथळत होता, हात थरथरत होते. अंगावरच्या नसलेल्या मुंग्या वेचून टेबलावर ठेवायचा, मध्येच मला आपला भाऊ समजून दादा म्हणायचा. विहीर कुठली विचारलं, तर खोलीच्या कोपऱ्याकडे बोट. खोटं बोलणारा निदान गोष्ट जुळवतो. याला तेवढंही भान नव्हतं. मी त्याला जीपमध्ये घालून सरळ दवाखान्यात नेलं.

डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, शेवटची दारू कधी घेतली? सांगणारं घरचं कोणीच नव्हतं. पाटलाला फोन केला तेव्हा कळलं, कित्येक वर्षं रोज पिणारा हा गडी तीन-चार दिवस गुत्त्याकडे फिरकलाच नव्हता. बाई म्हणाल्या, वास नाही हेच तर दुखणं आहे. रोजची दारू एकदम तुटली की माणूस असा भ्रमतो. कोठडीत टाकला असता तर जिवानिशी गेला असता. त्यांनी तसं निदान लिहिलं आणि खाली शेरा मारला, 'जबाब देण्यास असमर्थ'.

बायको दुसरबीडला भावाकडे धडधाकट सापडली. दारूपायीच घर सोडून गेलेली. 'सोडली तरच येईन' असं जाताना म्हणाली होती. फोनवर तुटक बोलली, "जिवंत हाय म्हणून लिहून घ्या. मले तिकडं बोलावू नका."

त्यानंतर ठाण्यात मी प्रत्येकाला बजावलं, नुसता वास घेऊ नका, शेवटची कधी घेतली तेही विचारा. तपासापुरतं एवढं शिकलो.

आठवड्याने तो भानावर आला. तुझ्यावर गुन्हा नाही, बायको जिवंत आहे, असं मी सांगितलं. तो ढसाढसा रडला. मग दाराकडे पाहत म्हणाला, "साहेब, म्या तं सोडली. मंग ते आली काऊन नाही?"

मी त्याच्या खाटेजवळ बसून राहिलो. तिथे बसायला दुसरं कोणी येणार नव्हतं.