टिटवीचं अतिक्रमण

ड्रॉइंग ऑफिसात किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. पेन्सिलीला टोक काढावं तसं रोज थोडं थोडं काहीतरी होत असतं, आणि एक दिवस खाली वाकून बघावं तर बोर्डाखाली हा ढीग! सत्तर सालच्या सुमाराला मी विक्रोळीच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. तिथल्या ढिगातला एक अख्खा उन्हाळा टिटवीच्या नावावर आहे. नाव टिटवीचं, पराक्रम आमचे.

आमचे हेड ड्राफ्ट्समन कर्णिक साहेब त्या वर्षअखेर रिटायर होणार होते. जन्मभर त्यांनी दुसऱ्यांच्या नकाशांतल्या चुका काढल्या, आणि शेवटी शेवटी एक शेड त्यांच्या स्वतःच्या नावावर मंजूर झाली. आमच्या खिडकीखालच्या मोकळ्या प्लॉटवर एका टोकाला शेड, दुसऱ्या टोकाला लॉऱ्या वळवायची जागा. पावसाआधी पाया भरला तर दसऱ्याला शेड उभी. नाहीतर काम पुढच्या वर्षावर, आणि तेव्हा कर्णिक घरी! म्हणून ते रोज सकाळी आल्या आल्या आधी प्लॉट बघायचे आणि मग आमची हजेरी घ्यायचे.

*

एप्रिलात त्या प्लॉटवर टिटवी ओरडायला लागली. दिवसभर! आमचा स्टोअरकीपर सावंत मालवणचा. त्याचा जीव कासावीस.

"ही वराडता म्हणजे कायतरी वायट होतला, सांगून ठेवतंय!"

आणि दुपारी खरंच नोटीस लागली. ओव्हरटाइम बंद!

सावंतने विजयी मुद्रेने आमच्याकडे पाहिलं. युनियनचा कांबळे आमच्याच टेबलावर बसायचा. तो शांतपणे म्हणाला, "टिटवी आज ओरडली रे. नोटीस बोर्ड वर्षभर ओरडतोय. अपशकुनी कोण, ते तूच ठरव ना यार!"

*

पुढच्या आठवड्यात चुन्याची आखणी झाली. कर्णिक साहेब खिडकीत थिओडोलाइट, म्हणजे मोजणीची दुर्बीण, लावून खुंट्या तपासत होते. शेडच्या पहिल्याच खांबाच्या जागी त्यांना चार डागाळलेले दगड दिसले.

"ते दगड बाजूला करा रे!"

कांबळे खाली गेला आणि गेला तसा डोक्यावर हात धरून धावत वर आला. "साहेब, दगडांना आई आहे!"

कर्णिक साहेब ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. "अंडी? मग घरटं कुठाय? घरट्याला काड्या लागतात, आडोसा लागतो. उघड्या प्लॉटवर चार गोटे मांडून कोणी ही आपली जागा म्हणत असेल, तर ते घरटं नाही, अतिक्रमण आहे!"

"मग नोटीस द्या साहेब," कांबळे म्हणाला. "फक्त मराठीत द्या. तिला इंग्लिश येत नसेल."

*

खांब राहिला बाजूला, थिओडोलाइट मात्र टिटवीवरच रोखलेला राहिला. आमचा थिओडोलाइट जुना. त्यात सगळं उलटं दिसायचं, डोकं खाली आणि पाय वर. आम्हाला सवय होती, सावंतला नव्हती. त्याने डोळा लावला आणि किंचाळलाच.

"बघा, बघा! माझी आवस सांगी ता खोटा नाय! टिटवी पाय वर करून निजता, आभाळ पडात म्हणून!"

"अरे, यात सगळंच उलटं दिसतं," मी म्हटलं. "तो गेटवरचा वॉचमन बघ. तोही उलटाच दिसेल."

सावंतने नीट निरखून पाहिलं.

"त्येचा काय सांगतंस! तो रातपाळीचो. तो कायम असोच!"

*

ऊन तापलं. टिटवी कॅन्टीनमागच्या गळक्या नळाखाली जायची, पोटाची पिसं भिजवायची आणि ओल्या अंगाने अंड्यांवर येऊन बसायची. मग पाळी बदलून नर बसायचा. कांबळेने ते दोन दिवस पाहिलं आणि आम्हाला दम भरला, "दोन शिफ्ट, पंचिंग नाही, लेट मार्क नाही! मॅनेजमेंटला कळू देऊ नका, नाहीतर उद्या आपल्याला हेच उदाहरण देतील."

त्या नळाच्या आम्ही वर्षानुवर्षं तक्रारी केल्या होत्या. मेंटेनन्सला नेमकी त्याच आठवड्यात जाग आली. नळ दुरुस्त! कर्णिक साहेब तिरीमिरीत खाली उतरले.

"कोणाला विचारून नळ दुरुस्त केलात?"

फोरमन गारच पडला. अशी तक्रार त्याने उभ्या नोकरीत ऐकली नव्हती. संध्याकाळपर्यंत नळ पहिल्यासारखा गळायला लागला, आणि कर्णिक साहेबांबद्दल मला पहिल्यांदाच माया वाटली.

*

आता कॉन्ट्रॅक्टर रोज विचारायचा, "साहेब, खोदू?" आणि कर्णिक साहेब म्हणायचे, "जमीन कच्ची आहे." मे महिना सरत आला. टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. इथे तिने आमच्या साहेबांची शेड आटवत आणली होती. आम्ही यावर विनोद करायचो, पण साहेब ढगांकडे बघत उभे राहिले की कोणी हसत नसे.

अखेर वर्क्स मॅनेजर भरुचा साहेब स्वतः जिना चढून वर आले.

"कर्णिक, तुमची जमीन काय आंबा हाय, पिकायची वाट बघता?"

आणि त्यांनी सरळ थिओडोलाइटलाच डोळा लावला. त्याच सकाळी अंडी फुटली होती. मातीच्या रंगाची पिल्लं आईच्या पायांत लुडबुडत होती. भरुचा साहेब बराच वेळ वाकूनच राहिले. कर्णिक साहेबांनी हातातला नकाशा गुंडाळला आणि पुन्हा उघडला.

"कर्णिक, तुमची जमीन तर चालते! आणि समदा उलटा!"

"साहेब, ते... यंत्र उलटं दाखवतं."

"मग नकाशा पण उलटा धरा ना!"

कर्णिक साहेबांनी नकाशा फिरवला. टिटवी आली लॉऱ्यांच्या जागेत, शेड गेली दुसऱ्या टोकाला. एवढे शिकलेले लोक आम्ही, पण एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं! दुसऱ्या दिवशी त्या टोकाला कुदळ पडली. आठवड्याभरात पिल्लं आईबापांमागे तुरुतुरु चालत खाडीच्या तिवरांकडे निघून गेली.

एकच झालं. शेडचा दरवाजा गेटकडे यायचा, तो खाडीकडे गेला.

*

दसऱ्याला शेडचं उद्घाटन झालं. कर्णिक साहेब नव्या कोटात. हेड ऑफिसातून आलेल्या पाहुण्यांनी शेडला पूर्ण चक्कर मारली, तेव्हा कुठे त्यांना दरवाजा सापडला.

"काय हो, दरवाजा असा मागच्या बाजूला का?"

"पुढच्या जागेवर अतिक्रमण होतं साहेब," कर्णिक साहेब अदबीने म्हणाले.

"अरे बापरे! मग? कोर्टात गेलात?"

"नाही साहेब. सहकुटुंब राहत होते. मुलं चालायला लागली, तसे जागा सोडून गेले."

पाहुण्यांनी चष्मा काढला.

"आपणहून? मुंबईत?"