उलटा लावलेला फोटो

आर्णीच्या मोटार स्टँडवर यवतमाळची गाडी लागली तेव्हा माझ्या हातात पत्र्याची पेटी होती. साल अठ्ठावन्न. पुण्याच्या एका फोटो स्टुडिओत झाडलोटीची नोकरी मिळाली होती. झाडता झाडता काम शीक, असं मालकांनी कळवलं होतं. बा ड्रायव्हरला सांगत होता की पोरगं पहिल्यांदा बाहेर जाऊन राह्यलं, यवतमाळात त्याले धामणगावची गाडी दाखवून देजो. माय खिडकीखाली आली. जेवणाचं नाही, पत्राचं नाही, भलतंच विचारलं तिनं.

"काहून रे बाबू, मेलेल्या माणसाचा फोटो निघते काय?"

मला हसू आलं. सोळा वर्षांचा शहाणा मी, तोवर कॅमेऱ्याला हातही लावला नव्हता, तरी म्हणालो, "नाई माय, जित्याचाच निघते." ती बरं म्हणाली. गाडी हलली आणि धुळीत ती दिसेनाशी झाली.

तुम्ही जे गावात राहिलात, आणि जे माझ्यासारखे पुण्या-नागपुरात नाहीतर भिलाईच्या कारखान्यात जाऊन बसलात, त्या सगळ्यांसाठी हे लिहून राह्यलो. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. का, ते सांगतो.

त्याच्या दोन वर्षं आधी, छप्पनच्या दसऱ्याला, बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. पायांना भेगा पडल्या होत्या, पण चाल बदलली होती. आल्या आल्या म्हणाला, देव काढा. आमच्या देवघरात पितळेचे टाक होते आणि शेंदूर फासलेले सहा-सात दगड. मायनं स्वतःच्या हातानं ते टोपलीत भरले. खोटं कशाला सांगू, मला तर आनंदच झाला होता. आता कुणापुढे वाकायचं नाही, एवढं मला कळलं होतं. मायलाही ते कळलं होतं. पण त्या दगडांतला एक देव नव्हता, ती माझी ताई होती.

लेकरू गेलं की नदीतून त्याच्या नावाचा गोटा आणायचा, शेंदूर लावून देवांत बसवायचा, अशी आमच्या घरची रीत. ताई माझ्या जन्माआधी तापानं गेली, तीन वर्षांची होऊन. तिचा दगड कोणता, हे मी कधी विचारलं नाही. लहानपणी मला ते सगळे सारखेच दिसायचे.

टोपली नदीच्या डोहात रिकामी केली आणि बा म्हणाला, "आता मागं पाहाचं नाई." आम्ही चालू लागलो. बानं पाहिलं नाही, मी पाहिलं नाही. मायनं तीनदा पाहिलं. मी तिच्या मागेच चालत होतो म्हणून मला कळलं. बाला मी ते सांगितलं नाही.

पुण्यात मी झाडू सोडून डार्करूममध्ये कधी शिरलो ते माझं मलाच कळलं नाही. डेव्हलपर, हायपो, निगेटिव्ह, एन्लार्जमेंट, असे शब्द तोंडात बसले. 'मले-तुले' म्हटलं की बाकीची मंडळी हसायची, म्हणून ते मी पेटीत घालून ठेवले. एकसष्टच्या वैशाखात मालकांनी आपला जुना कॅमेरा आणि बारा फोटोंचा एक रोल देऊन मला गावी धाडलं. हौशी फोटोग्राफरांची स्पर्धा होती आणि विषय होता 'निसर्गातले पोत'. गडी खेड्यातला आहे, याला बरोबर सापडेल, असा त्यांचा हिशेब.

मी चार दिवस उन्हात भटकलो. काळ्या मातीच्या भेगा काढल्या, पळसाची साल काढली, बुजलेल्या विहिरीच्या पायऱ्या, मोडून पडलेल्या बैलगाडीचं चाक. माय दारात उभी राहून पाहायची. माणसं नाई काढत का, असं तिनं एकदा विचारलं. मी तिला पोत समजावून सांगायला बसलो, केवढा शहाणा! तिनं ऐकून घेतलं.

शेवटचा फोटो डोहातला. आदल्या वर्षी पाऊस ओढला होता आणि डोह पार तळाला गेला होता. गाळात दगड उघडे पडले होते. त्यातल्या एकावर जुन्या रंगाचं कवच होतं, भेगाळलेलं, पापुद्रे सुटलेलं, आणि त्या कवचात काहीतरी बारीक चकाकत होतं. शिंपल्याचा तुकडा असेल, असं मला वाटलं. मी गाळात गुडघे टेकून फोटो घेतला. हे आपल्याच घरचे दगड असतील, हा विचार आला होता. नाही आला असं मी म्हणणार नाही. पण ऊन कलत होतं आणि मला फोटो हवा होता.

लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागद टाकला की तो दगड हळूहळू वर यायचा, डोहातून यावा तसा. किती वेळा वर आणला मी तो! मोठा केला तेव्हा मालकांनी उलटा धरून पाहिला आणि म्हणाले, असाच लाव, ते चकाकणारं वर गेलं की चंद्र वाटतो. मलाही पटलं. पहिलं बक्षीस मिळालं. तो चंद्र परीक्षकांना फार आवडला. फोटो स्टुडिओच्या काचेत लागला.

पावसाळा सरल्यावर त्याची एक प्रत घेऊन मी गावी गेलो. मायनं पदराला हात पुसून फोटो घेतला. बराच वेळ पाहिला. मग सावकाश फिरवून सुलटा केला.

"पोरगी उलटी लावली तू," ती म्हणाली. "हा तिच्या वाळ्यातला घुंगरू व्हय. मीच दाबला होता शेंदरात. पायातला हाये, खालीच पायजे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळे दगड सारखे म्हणणारा मी, तिच्यासमोर गुडघे टेकून, एक डोळा मिटून बसलो होतो.

बा खाटेवरून उठला. देव घरातून गेले, आता हे काय आणलं, असं त्यानं मला विचारलं. आवाज चढलेला नव्हता, पण शब्द दिलेला माणूस बोलतो तसा होता. उत्तर मायनं दिलं. "देव नाई हे. पोरगी हाये."

बानं फोटो तिच्या हातातून घेतला आणि दारापाशी उजेडात नेला. मी जागचा हललो नाही. फाडतो का काय, हीच धास्ती. निगेटिव्ह पुण्यात होती, प्रत पुन्हा निघाली असती, पण मायची पोरगी दुसऱ्यांदा गेली असती. त्यानं त्या चकाकत्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. "कळंबच्या जत्रेतून म्याच आणले होते वाळे," म्हणाला. मग फोटो मायच्या हातात परत दिला.

"शेंदूर लागनार नाई याले. फूल नाई, उदबत्ती नाई. फोटो हाये, फोटोवानी राहीन."

"बस झालं," माय म्हणाली.

खिळा बानंच ठोकला. संध्याकाळी ताईचा दगड शोधायला मी डोहावर गेलो. डोह काठोकाठ भरला होता, पाणी गढूळ, तळाचं काही दिसत नव्हतं. मी रिकाम्या हातानं घरी आलो.

पुण्यात आल्यावर पहिलं काम केलं ते काचेतला फोटो सुलटा केला. मालक चिडले. अरे चंद्र गेला की, दगडच तर आहे, काय फरक पडतो! मी म्हटलं, असाच राहील. आठवड्याभरात त्यांनी तो काढून टाकला आणि मी तो माझ्या खोलीवर आणला. अजूनही जुनी भिंत दिसली, झाडाची साल दिसली की मी कॅमेरा लावतो. पण आधी आजूबाजूच्या माणसांना विचारतो, हे कुणाचं?

बाची पत्रं ठरलेली असतात. पाऊस बरा आहे. तुझी माय खुशाल, बैल खुशाल. त्या वर्षी पौषात आलेल्या कार्डावर तसंच सगळं होतं, आणि बैलांच्या आधी, त्याच्या जाड अक्षरात, दोन शब्द जास्त होते: 'ताई खुशाल.'

मी ते कार्ड हातात धरून खोलीच्या उंबऱ्यावर बसलो आणि रडलो. गावात आता माझ्या ओळखीचं दरवेळी थोडं कमी होत जातं. पळस तोडला, विहीर पूर्ण बुजली. पण घर कुठे म्हणून कुणी विचारलं तर मला ती भिंत आठवते, जिथे बा आणि माय राहतात, आणि मी कधी न पाहिलेली माझी बहीण. मीही आता प्रत्येक पत्राच्या शेवटी लिहितो, पेटीत घालून ठेवलेल्या त्याच बोलीत: ताईले सांगजो, मी बरा हावो.