उभ्या बाटलीचं एक मत

आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान चिमाचं. नवरा गेला, लायसन तिच्या नावावर आलं, आणि पोटासाठी ती जाळीमागे बसायला लागली. पंधरा वर्षं बसली. बायका तिच्या घरचं पाणी पीत नसत. नळावर ती आली की गप्पा बंद. आणि ते दुकान बंद करायला घरोघर सह्या गोळा करत फिरले ती मी, राही. खोटं कशाला बोलू? माझाच नवरा पितो. माझ्या तोंडाचा पट्टा गावाला ठाऊक आहे. ग्रामसभेत मी असा सोडला की पुरुष खाली बघायला लागले!

रत्नागिरीहून एक्साईजचे साहेब आले, शाळेत मतदान ठेवलं. फक्त बायकांचं. निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की लायसन रद्द. उभीवर मारला तर दुकान चालू. चिमाही आली, इस्त्रीची साडी नेसून, रांगेत सगळ्यांत शेवटी. नाव तिचंही यादीत होतं ना.

"आली बघा उभीवर मारायला," माझी शेजारीण सगुणा म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

आत पडद्यामागे गेले आणि हात अडला. मेलं, नको तेव्हा आठवतं माणसाला! दोन वर्षं चिमा माझ्या नवऱ्याला बाटली देत नव्हती. "घरी जा, राही वाट बघतेय," म्हणून हाकलायची. तोच घरी येऊन तिला शिव्या घालत सांगायचा. मग रिक्षा करून सावर्ड्याला जाऊन प्यायचा, ते सोडा. पण माझ्यासाठी एवढं गावात दुसऱ्या कुणी केलं होतं? आडवी तर येणारच होती. मी उभीवर शिक्का मारला आणि बाहेर येऊन जोरजोरात घोषणा दिल्या.

संध्याकाळी मोजणी झाली. आडवी तीनशे चार, उभी एक.

"ते एक कुणाचं ते सांगायला नको!" सगुणा ओरडली. फाटकाशी चिमा होती. तिने दचकून वर बघितलं. मला वाटलं, लाजली.

पुढे ऑर्डर आली, दुकानाला सील लागलं. आठवड्याने चिमा माझ्या अंगणात आली.

"गो राही, एक विचारू? रागावू नको."

"विचार."

"मी आडवीवरच मारला शिक्का. दुकान जाणारच होतं. म्हटलं, एकदा तरी तुमच्यात असावं. मग ते एक मत कुणाचं गो? रोज एकेकीच्या तोंडाकडे बघते. सगुणाचं असेल म्हणून फणस घेऊन गेले, तर तिने दार लोटलं. मला दुसरं काय नको. जिने दिलं तिच्या ओटीवर घटकाभर बसायचंय."

पलीकडे सगुणा आमसुलं वाळत घालत होती, कान आमच्याकडे. ग्रामसभा हलवणारी मी, आणि आधी सगुणाकडे बघितलं. लाज वाटते सांगायला, पण मी घाबरले.

"कोणास ठाऊक बाय," मी म्हटलं.

"असू दे. आहे कुणीतरी," ती म्हणाली आणि अंगणातूनच परत गेली. मी तिला ‘बस’ म्हटलंसुद्धा नाही.